एक पांढरं नख

शनिवारी नको, म्हणाल्या शेजारच्या उगारेकाकू,
आणि दिवे लागल्यावर तर मुळीच नको.
कुत्र्याचीसुद्धा? विचारलं मी.
नख ते नख, म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

म्हणून रविवार. सकाळचे अकरा.
गॅलरीत ऊन गुडघ्यापर्यंत आलंय.
जुनी सतरंजी, हळदीची वाटी,
आणि शंभर फुटी रस्त्यावरून आणलेलं कटर,
ज्याच्या पाकिटावर एक कुत्रं हसतंय.
आमचं हसत नाही.

दिवाण. कारवानी जातीचा, जतच्या माळावरचा.
बिरा खरातानं पोत्यात घालून दिला तेव्हा एवढासा,
नुसते पाय आणि कान.
तिथं त्याच्या आईची नखं कापायला कोण बसलं होतं?
ससा पुढं पळायचा, ती मागं,
मुरूम घासत राहायचा, झिजायची आपोआप.
इथं तिसरा मजला, गुळगुळीत फरशी,
धावायचं तर सोफ्यापासून फ्रिजपर्यंत.
नखं वाढतात. वळतात.
आम्हाला त्याला माळ देता आला नाही,
कटर देतोय.

हे धरतात, मी कापते.
ह्यांचा आवाज जाड, दिवाण ह्यांना थोडा भितो
असं आम्ही तिघंही समजून चालतो.
पण कटर उघडलं की हे भिंतीकडं बघतात.
कुपवाडला, कारखान्यात, प्रेसखाली
उजव्या हाताची दोन पेरं गेली, अकरा वर्षं झाली.
त्या बोटांना नख येत नाही.
आठच आहेत, म्हणतात हे दर महिन्याला,
तुझ्यापेक्षा लवकर उरकतं माझं.

सतरा नखं काळी, एक पांढरं,
पुढच्या डाव्या पायाचं, मधलं.
काळ्यात काही दिसत नाही,
कुठं नुसतं शिंग आहे, कुठून जीव सुरू होतो.
पांढऱ्यात दिसतं: आत एक गुलाबी वात,
टोकाच्या जरा अलीकडं थांबलेली.
जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते,
म्हशीचं विचारा, सगळं सांगतो,
ह्याचं असं करा, एकावरून बाकीची ओळखा.
मी ओळखत जाते. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. आणखी एक.
भडंगातले शेंगदाणे, तिखट पदराला पुसून,
दर नखाला एक.

चौदाव्याला चुकले.
तो ओरडला नाही, पायसुद्धा ओढला नाही,
माझ्याकडं बघितलं फक्त,
ओळखीच्या दुकानदारानं सुट्टे कमी दिल्यावर
आपण बघतो तसं.
मग थेंब. सतरंजीवर दुसरा.
माझी बोटं बधिर, वाटी कुठंय, वाटी –
आणि भिंतीकडं बघणाऱ्या माणसानं
मान न वळवता चिमूट उचलली
त्या दोन आखूड बोटांत आणि अंगठ्यात,
दाबून धरली.
गप. गप. झालं. संपलं.
कुणाला म्हणत होते कळलं नाही.
त्या दिवशी कारखान्यात असं कुणी म्हणालं होतं का,
मी कधी विचारलेलं नाही.

हळद भिजून केशरी झाली.
यार्डातली राजापुरी, आमच्या डाळीतली.
दिवाणनं आधी आपला पंजा चाटला, मग ह्यांची बोटं,
जिथं नख असायचं तिथं जरा जास्त वेळ.

चौथा पाय राहिला.
पुढच्या रविवारी, म्हणाले हे,
आणि कटर सारलं पाकिटात,
हसणाऱ्या कुत्र्यामागं.

रात्री तो पाणी प्यायला उठतो.
एरवी शिलाई मशीन चालल्यासारखं
घरभर टकटकटकटक.
आज, टक.
मग किती वेळ काहीच नाही.
टक.
झोपलीस? विचारतात हे अंधारात.
नाही.
ती वाटीतली उरलेली हळद,
डब्यात परत ओतू नकोस हं.
ओतली, म्हटलं मी.